पाचचा तास

"औलुला पहिल्यांदाच येताय?" हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं आणि मी चक्क "हो" म्हणाले. चौसष्टाव्या वर्षी, ज्या गावात जन्मले, दात पडले, दात आले, त्याच गावात उभी राहून. तोंडून शब्द गेला तो गेलाच. बाईंनी लगेच पाहुण्यांचा नकाशा उलगडला आणि पेनाने गोल काढायला लागल्या. हा बाजारचौक, इथे जाड्या पोलिसाचा पुतळा आहे, त्याच्या पोटावर हात फिरवायचा. ही लाल लाकडी कोठारं. इथे खारवलेला मासा छान मिळतो. मी मान हलवत राहिले. तीस वर्षं मी इथून आठ तासांवरच्या तुर्कू शहरात, नकाशाच्या कचेरीत मुद्रितं तपासली आहेत, चुकीचा रस्ता मला दहा पावलांवरून दिसतो. त्यामुळे बाईंचं बोलणं अर्धंच ऐकत मी नकाशाचा वरचा कोपरा बघत होते. नदीच्या पलीकडचं टुइरा, म्हणजे आमचं घर, आमची शाळा, आमचा उतार, असं सगळं जिथे असायला हवं तिथे एका पिझ्झावाल्याची जाहिरात छापलेली होती. "आणि इकडे वर काय आहे?" मी विचारलं. "तिकडे काही नाही हो," बाई म्हणाल्या, "तिकडे माणसं राहतात."

खोलीत बॅग टाकून मी पलंगाच्या कडेला बसले. आतल्या आत चरफडत होते. त्या 'हो'चा राग येत होता, आणि राग कसला तर तो खोटा वाटला नाही याचा. ज्या गावात आपल्याला पलंग भाड्याने घ्यावा लागतो त्या गावात आपण पाहुणेच. टुइरातल्या त्या चार मजली घरात, तिसऱ्या मजल्यावर, माझी बहीण हिल्का राहते. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. अकरा वर्षं आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही. आईच्या दफनाच्या दिवशी तिने माझ्याशी हस्तांदोलन केलं होतं, बँकेतल्या माणसाशी करतात तसं, आणि कॉफी न घेता परतीची गाडी पकडली होती. दोन वर्षांपूर्वी मी धीर करून इथे आले, दाराची घंटा वाजवली. दारातल्या भिंगामागे अंधार झाला, म्हणजे पलीकडे डोळा आला. मग पुन्हा उजेड झाला. दार उघडलं नाही. मी जिना उतरून स्टेशनवर गेले आणि त्याच रात्री परतले, शेपूट घालून. या वेळी तसं करायचं नाही, असं मी गाडीत बसल्यापासून स्वतःला बजावत होते. या वेळी अशा जागी जायचं जिथून तिला मला घालवता येणार नाही. आमच्या लोकांत अशी एकच जागा आहे, सौना, तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची लाकडी खोली. सौनात कुणी कुणाला हाकलत नाही, सौनात आवाज चढवायचा नाही, देवळात वागावं तसं तिथे वागायचं, हे आम्हाला चालता येण्याच्या आधी शिकवलेलं असतं. हा नियम आमच्या घरात एकाच माणसाने मोडला होता. तो माणूस मीच.

मावसभावाने फोनवर सहज बोलताना सांगितलं होतं. टुइरातल्या घराचे पाण्याचे पाइप बदलायला काढलेत, सोमवारपासून सगळे भाडेकरू चार महिने बाहेर, आणि तळघरातला सौना कायमचा बंद. तिथे सायकली ठेवणार. मी फोन ठेवला आणि कॅलेंडर पाहिलं. म्हणजे येत्या शनिवारी शेवटचा. सौना सगळ्या इमारतीचा, प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास; आमचा शनिवारी पाच ते सहा. बाबांनी तो घर बांधलं तेव्हा नोंदवला होता आणि नंतर कुणाला हात लावू दिला नव्हता. शनिवारचा पाचचा तास म्हणजे घरातला सोन्याचा दागिना. लोक मेल्याशिवाय तो सोडत नाहीत. शेजारची काही घरं त्यासाठी वर्षानुवर्षं टपून होती. हिल्का शनिवारी पाचला तिथे असणार हे मला सूर्य उगवण्याइतकं ठाऊक होतं. आठ तासांच्या प्रवासात मी वाक्य तयार केलं. तपासलं, एक शब्द काढला, एक घातला, पुन्हा तपासलं. "हिल्का, आईला तुर्कूला नेण्याचा माझा निर्णय चुकीचा होता, आणि ते तुझ्यासमोर मान्य करायला मी आले आहे." वाक्यात चूक नव्हती.

चार वाजता मी निघाले. मार्च महिना, ऊन स्वच्छ, रस्त्यावरच्या बर्फावर खडी पसरलेली, बुटाखाली ती करकर वाजत होती. लोक सायकलींवरून चालले होते, पिशव्या लटकावून, थंडीची पर्वा न करता. बाजारात जाड्या पोलिसाच्या पोटावर एक जोडपं हात फिरवत होतं. मी एका टपरीवर कॉफी घेतली, बाईने न विचारताच इथल्या पद्धतीने त्यात दातांखाली करकरणाऱ्या चीजचे दोन तुकडे टाकले, आणि ती वाफ नाकात गेल्याबरोबर माझे डोळे भरून आले, तेव्हा मी कॉफी तिथेच ठेवून चालायला लागले. रडून झालं की माणूस परत फिरतो, मला माझा अनुभव आहे. पूल ओलांडताना लहानपणचा वास आला नाही. तेव्हा कारखान्याचा, सडक्या अंड्यांचा वास अख्ख्या गावावर असायचा. पाहुणे नाक धरायचे आणि आई म्हणायची, बाबा कामावर आहेत असं समजा. आता हवा नुसती हवा होती. खाली धरणाच्या दारांतून काळं पाणी कोसळत होतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फावर माणसं गळ टाकून बसली होती. त्यांच्या पाठी पाहून मला एकदम हिल्काची पाठ आठवली. रुंद, गोरी, डाव्या खांद्याखाली तीळ असलेली. तिचा चेहरा आठवायला मला वेळ लागतो. पाठ मात्र पाहिल्यासारखी आठवते, कारण लहानपणी दर शनिवारी ती मी घासायचे आणि माझी ती.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना मी घरासमोर होते, पण आत गेले नाही. हिल्का आधी आत जाऊ दे, वरच्या फळीवर बसू दे, मग जायचं, असं ठरलं होतं. घराच्या उतारावर उभी राहून मी आईचाच विचार करत होते, टाळायचा म्हटला तरी. शेवटी शेवटी ती विसरायला लागली होती. हिल्का तिला सांभाळायची, एकटी, नोकरी करून. मी आठवडाभर आले होते. त्या शनिवारी मी जरा उशिरा तळघरात उतरले तर आई एकटीच आत, हात शेगडीच्या लोखंडाला लागून भाजलेला, आणि ती तो हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा बघत होती. हिल्का तेवढ्यात वर गेली होती, तीनच मिनिटं, काहीतरी आणायला. ती आली. आम्ही हात धुतला, मलम लावलं, आईला वर झोपवलं, आणि मग तास वाया जाऊ नये म्हणून दोघी पुन्हा खाली येऊन फळीवर बसलो. तिथे मी बोलले. "तुला जमत नाहीये, हिल्का. सोमवारी मी तिला घेऊन जाते." आवाज चढवून बोलले.  हिल्का फळीवरून उतरली, लाकडी पळी बादलीवर आडवी ठेवली, म्हणजे आता पाणी नाही, संपलं, आणि निघून गेली. मी थोरली, मी शिकलेली, माझ्या तुर्कूत मोठं इस्पितळ. सगळं माझ्या बाजूने होतं. गाडीत आई मांडीवर एक टॉवेल घेऊन बसली होती, निळ्या पट्ट्यांचा, कोपऱ्यात लाल दोरा. बाकी सामान मी भरलं होतं, तेवढा टॉवेल तिने स्वतः घेतला होता, आणि सोडत नव्हती. प्रत्येक स्टेशनला विचारायची, औलु आलं का. मी म्हणायचे, आत्ता नाही. उन्हाळ्यात तुला परत नेऊन आणते, असंही म्हटलं होतं मी तिला. ती एप्रिलमध्ये गेली. आणि मधल्या महिन्यांत काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. त्या वृद्धाश्रमात तिला मंगळवारी सकाळी फवाऱ्याखाली आंघोळ घालायचे. पण दर शनिवारी पाचला ती तो टॉवेल घेऊन खोलीच्या दाराशी खुर्चीवर बसायची, कोट घालून. घड्याळ तिला वाचता येत नव्हतं, माझं नाव तिला येत नव्हतं, पण पाच वाजलेले तिला कळायचे. सहा वाजले की उठून कोट काढायची. मी शेजारी बसायचे आणि म्हणायचे, आई, इथे सौना नाही. पुढे पुढे मी शनिवारी जायचंच बंद केलं. रविवारी जायचे.

पाच वाजून दहा मिनिटांनी मी आईच्या किल्लीने तळघराचं दार उघडलं. किल्ली अकरा वर्षं माझ्या पर्समध्ये होती. कुलूप बदलणार होते ते सोमवारी. बाहेरच्या थंडीतून त्या ऊबेत शिरल्याबरोबर चष्म्यावर दाट धुकं बसलं. दाराशेजारी काचेखाली तासांची यादी टांगलेली असते, ती होतीच, पण ती वाचायची मला काय गरज. कपडे बदलायच्या खोलीत एका खुंटीवर राखाडी लोकरी स्वेटर आणि जाड मोजे होते. हिल्काचे, मी मनात म्हटलं. मी कपडे काढले, चष्मा बाकावर ठेवला, आईचा तो निळ्या पट्ट्यांचा टॉवेल खुंटीला अडकवला. तो मी मुद्दाम आणला होता. अंग विसळलं. आणि पुन्हा विचार करायला वेळ न देता दार ओढून आत गेले.

आत एकच मिणमिणता दिवा, वर कोपऱ्यात. चष्म्याशिवाय मला माझा हात धड दिसत नाही. वरच्या फळीवर एक फिकट आकृती होती, मान खाली घातलेली. मी चढले, हातभर अंतर ठेवून बसले. बर्चच्या पानांचा वास, तापलेल्या दगडांचा वास, तोच.  आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी समोरच्या भिंतीकडे बघत वाक्य बोलून टाकलं. सगळं, विरामचिन्हांसकट.

आकृतीने मान वर केली. मग म्हणाली, "हे वाक्य कुणी लिहून दिलं तुला? नगरपालिकेने?"

तो आवाज हिल्काचा नव्हता. मी वाकून पाहिलं. सुरकुतलेला लहानसा चेहरा, पांढरे केस, नाक सगळ्यांत पुढे. दुसऱ्या मजल्यावरच्या वाप्पु किन्नुनेन. आम्ही लहान असताना त्या जिन्यात आरडाओरडा केला की झाडू घेऊन बाहेर यायच्या.

"किन्नुनेनकाकू?"

"मग कोण? माझा तास आहे. तू राइली ना? थोरली. जाडी झालीस."

"पण पाचचा तास तर आमचा."

"होता. तुझी आई गेली त्याच आठवड्यात हिल्का माझ्या दाराशी आली. म्हणाली, पाचला मला तिथे बसवत नाही, सहाचा तुमचा मला द्या, माझा तुम्ही घ्या. मी म्हटलं, बाई गं, शनिवारचा पाच कुणी देतं का? ती म्हणाली, घ्या नाहीतर तळमजल्यावरच्या लोहाराला देईन. लोहाराला कशी देऊ देणार मी." काकूंनी पाय वर घेतले. "बाहेर एवढ्या मोठ्या अक्षरात यादी लावलीय. वाचता येत नाही का तुला? तू तर वाचायचीच नोकरी करायचीस म्हणे."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी उठायला लागले. आठ तास घासून-पुसून आणलेलं वाक्य भलतीकडेच खर्च झालं होतं, आणि एकदा बोललेलं वाक्य पुन्हा तसंच बोलता येत नाही, निदान मला तरी. "मी जाते, काकू. माफ करा. तुमच्या तासात घुसले."

"बस खाली. दार उघडलंस की ऊब जाते. शहाऐंशी वर्षांची आहे मी, हा माझा इथला शेवटचा शनिवार, तो तू येऊन-जाऊन करून नासवू नकोस." त्यांनी पळी बुडवली. "टाकू का?"

"टाका," मी म्हणाले. हे विचारायचंच असतं. शेजारी वैरी बसला असला तरी दगडांवर पाणी ओतण्याआधी त्याला विचारायचं. पाणी फसकन उडालं आणि वाफ छतावरून फिरून आमच्या खांद्यांवर उतरली. आम्ही दोघी माना खाली घालून बसलो. मग काकू म्हणाल्या, "सहाला येईल ती, तिच्यानंतर कुणी नाही. थांब. पण ते मघाचं नको बोलूस."

"मग काय बोलू?"

"मला काय विचारतेस? मी कधी माझ्या बहिणीशी भांडले नाही. मला बहीणच नाही." आणि त्या हसल्या, खोकल्यासारखं. "चुकीचा निर्णय म्हणे. निर्णय चुकला असं मंत्री म्हणतात. तू काय पाहिलंस ते सांग. तिने तर काही पाहिलंच नाही. ती इथे होती."

 मी पळून जाऊ शकत होते. दोनदा मनात आलं, कपडे घालून सहाच्या आत रस्त्यावर जाता येईल, नकाशातल्या त्या गोलांमधून फिरून येता येईल, कोठारं बघता येतील, पाहुण्यांसारखं. पण पाय फळीला चिकटवल्यासारखे मी तशीच बसून राहिले. नाही जायचं, नाही जायचं, असं मी दातांत म्हणत होते. सहाला काकू उतरल्या, गुडघ्यांवर हात देत. बाहेर धुण्याच्या खोलीत पाणी वाजलं, मग पलीकडचं दार वाजलं, मग काकूंचा आवाज. "आत राइली आहे. माझ्या तासातून उरलीय. ठेवायची की नाही ते तू बघ."

  कपड्यांच्या खोलीत कुणीतरी उभं होतं आणि हलत नव्हतं, एवढं मला कळत होतं. मग अनवाणी पावलं, पाण्याचा आवाज, आणि दार उघडलं. मला चेहरा दिसला नाही. रुंद खांदे दिसले. ती फळीच्या दुसऱ्या टोकाला बसली, बादली मध्ये होती. तिने पळी घेतली. घेतली आणि हातात धरून ठेवली, आणि मला कळलं की आता तिला बोलावंच लागणार.

"टाकू का?" हिल्का म्हणाली. आवाज जाड झाला होता.

"टाक."

वाफ आली. मी त्या वाफेखाली वाकून बोलायला लागले, पटापट, जसं येईल तसं. "तिला तिथे मंगळवारी आंघोळ घालायचे. पण ती शनिवारी पाचला दाराशी बसायची. कोट घालून, टॉवेल घेऊन. दर शनिवारी. मी सांगायचे, इथे नाही गं आई, तर माझ्याकडे बघायची पण नाही. मला ते बघवेना. म्हणून मी शनिवारी जायचं सोडलं, हिल्का. ती एकटीच बसायची. मी नेलं तिला आणि मग एकटीच बसवलं. तुझ्याकडे ती बरी होती."

शेगडीतले दगड तडतडत होते. हिल्काने न विचारता आणखी एक पळी ओतली, मग आणखी एक. इतकी वाफ झाली की माझे कान भाजायला लागले, पण मी खाली उतरले नाही. ती करून करून काय करणार होती. अखेर तिने पळी ठेवली, आडवी नाही, बादलीत.

"बाहेर खुंटीवर टॉवेल आहे," ती म्हणाली. "तोच का?"

"तोच. आईचा."

"माझा आहे तो."

"आईने स्वतः घेतला होता गाडीत. मांडीवर."

"लाल दोरा माझा. तुझा हिरवा. तिचा साधा. मी विसरायचे टॉवेल. लहानपणापासून. दर शनिवारी ती माझा टॉवेल घेऊन मागून यायची. नंतर तिला जमेना, मग मलाच वर जावं लागायचं. त्या दिवशी तोच आणायला गेले होते. तीन मिनिटं."

तीन मिनिटं हे तिने असं म्हटलं की तिने ती अकरा वर्षं मोजली आहेत हे मला समजलं. तुर्कूच्या त्या खोलीतली खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आली, तो कोट, त्या घट्ट धरलेल्या मुठी. मी समजत होते की आई सौनाला निघालीय. ती सौनाला निघाली नव्हती. हिल्का टॉवेल विसरली होती आणि ती तो घेऊन चालली होती. तीस वर्षं लोकांच्या चुका काढणाऱ्या मला कोपऱ्यातला लाल दोरा रोज दिसत होता. मी रडायला लागले. सौनात रडलेलं कुणाला कळत नाही असं म्हणतात, पण मी आवाज करून रडत होते. हिल्का रडली की नाही ते मला सांगता येणार नाही, माझ्याकडे चष्मा नव्हता.

थोड्या वेळाने ती खालच्या फळीवर सरकली, माझ्या पायांजवळ, माझ्याकडे पाठ करून, आणि खांद्यावरून मागे ब्रश धरला.

"घास," ती म्हणाली. "अकरा वर्षं मध्यभागी हात पोचत नाही माझा."

डाव्या खांद्याखाली तीळ होता. मी साबण लावला. सातला दारावर कुणी थाप मारणार नव्हतं, सातचा तास कुणाचाच नव्हता, म्हणून मी सावकाश घासत राहिले.